देवस्थळ्यांचा टायटन

सोमवार, दिनांक १४ ऑक्टोबर १९५७ रोजी भोपाळच्या टी. टी. नगरातल्या माळावरचे चार जुने ट्रॅक्टर जाहीर लिलावात नऊशे बारा रुपये पन्नास नये पैशांना गेले. चारांपैकी तीन काशिनाथ देवस्थळ्यांचे होते आणि एक माझा. देवस्थळे त्याआधी दोन महिने, ऐन श्रावणात, काविळीने वारले होते. लिलावाच्या कागदावर चारही यंत्रांसमोर ‘भंगार लोखंड’ असा एकच शेरा होता. देवस्थळ्यांनी तो शेरा पाहिला नाही, इतकेच त्यांच्या बाबतीत बरे झाले म्हणायचे.

आमची ओळख १९४९ सालची. भोपाळ संस्थान नुकतेच विलीन झाले होते. इथल्या काळ्या जमिनीत कांस नावाचे गवत माजलेले असते. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलाचा नांगर त्यांच्यापुढे हात टेकतो. ते उपटायला सरकारने लढाईत वापरलेले मोठमोठे ट्रॅक्टर आणले. त्या खात्यात मी हिशेब सांभाळायला नागपूरहून आलो आणि देवस्थळे फोरमन म्हणून पुण्याकडून आले. मी कॉमर्सचा पदवीधर. मला यंत्र म्हणजे खरेदीची किंमत, वजा दरवर्षीची झीज, एवढेच ठाऊक. देवस्थळ्यांना ते सहन होत नसे.

“शांतारामपंत, तुमच्या हिशेबाने मी स्वतः किती सालापर्यंत शून्यावर येतो हो?” ते एकदा म्हणाले.

“पंचावन्नाव्या वर्षी. पेन्शनीच्या दिवशी.”

“मग एकदा या माझ्याबरोबर. शून्यावर आलेलं एक यंत्र दाखवतो.”

त्या रविवारी आम्ही बसने आष्ट्याच्या बाजूला गेलो. तिथल्या एका जहागीरदाराच्या फार्मवर, गोठ्यामागे, टायटन उभा होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा अमेरिकन ट्रॅक्टर. पुढे पाण्याची मोठी टाकी, मागे माणसाच्या उंचीची लोखंडी चाके, बाजूला हाताने फिरवायचे जड चक्र. चाकाच्या आऱ्यांमधून बोरीचे झाड वर गेले होते आणि बसायच्या जागेवर कोंबडी अंड्यावर बसलेली होती. देवस्थळे त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, मग दुसरी. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि नावाची पाटी पुसली. मुलगी पाहायला गेलेल्या घरी मुलाकडचे लोक जसे उगाच भिंतीकडे बघतात, तसा मी गोठ्याकडे बघत राहिलो.

जहागिरी जाणार हे तोवर सगळ्यांना कळून चुकले होते. फार्मचा कारभार पाहणाऱ्या मुनशीजींना वाटले, आम्ही सरकारी तपासनीस.

“हुजूर, ये तो मुर्दा है,” ते म्हणाले.

“मुर्दे का क्या लोगे?” देवस्थळ्यांनी विचारले.

“मुर्दे के भी कोई पैसे लेता है? कंधा दीजिए, ले जाइए. बस मुर्गी हमारी है.”

खांदा द्यायला बैलांच्या आठ जोड्या लागल्या. टायटन भोपाळात शिरला तेव्हा जुन्या शहरातले लोक दुकानांतून बाहेर आले. त्यांत बन्नेमियां होता. त्याचे जुन्या लोखंडाचे दुकान होते आणि पुढे आठ वर्षे आमचे निम्मे नट-बोल्ट तिथूनच आले.

“को खां,” अशी भोपाळी हाक देत तो ओरडला, “बैलगाड़ी सुनी थी, ये बैलट्रैक्टर पहली बार देख रिये हैं!”

देवस्थळे टायटनवरच बसले होते. त्यांनी वरून त्याला सलाम केला.

तिथून आम्हाला दोघांनाही नाद लागला. लोक तिकिटे जमवतात, नाणी जमवतात, आम्ही लोकांनी टाकून दिलेले पहिल्या पिढीतले ट्रॅक्टर जमवले. सीहोरकडचा एक आणि बैरसियाकडचा एक देवस्थळ्यांना मिळाला. मला रायसेनच्या रस्त्यावर एक फोर्डसन मिळाला, त्याला पुढचे एक चाक नव्हते. आमच्या दोघांच्याही नावावर हाताच्या तळव्याएवढी जमीन नव्हती. माझी बायको कमलिनी म्हणायची, “चंदेरी साडी मागितली की तुमचं बजेट आठवतं. त्या लोखंडाच्या बाईला चाक घेताना नाही आठवत.” खात्याच्या कॅम्पामागे मोकळा माळ होता, साहेबाने तोंडी परवानगी दिली, तिथे चारही ओळीने उभे राहिले. तोंडी परवानगीवर विसंबू नये हे मला कळायला हवे होते, पण तेव्हा त्या माळाला काही किंमत नव्हती.

देवस्थळे स्वतः सडपातळ, कान मोठे, नेहमी बाह्या दुमडलेल्या. मूल-बाळ नाही. घरी ते आणि सिंधूवहिनी. शिवाजी नगरात सरकारी क्वार्टर मिळाले तेव्हा वहिनींनी अंगणात तुळस लावली आणि यांनी तिच्या शेजारी गिअरचा डबा उघडून ठेवला. बोलणे थोडे, पण बोचरे. यंत्रावर मात्र त्यांची माया अशी की ती पाहताना संकोच वाटावा. टायटन चालू करायला त्यांना साडेसहा वर्षे लागली. झिजलेला भाग नवा घडवायचा, पण दुसऱ्या यंत्राचा काढून याला लावायचा नाही, हा त्यांचा नियम. “एकाचं काळीज काढून दुसऱ्याला जगवायचं नाही,” असे ते म्हणत.

त्यांची आणखी एक पद्धत होती. पुढचे सगळे तिच्यावरून घडले, म्हणून ती नीट सांगतो.

या जुन्या ट्रॅक्टरांना बॅटरी नसते. इंजिनात ठिणगी पाडायला मॅग्नेटो नावाचा भाग असतो. त्यात घोड्याच्या नालासारखा चुंबक आणि त्याच्या दोन टोकांच्या मधोमध फिरणारे तांब्याच्या तारेचे गुंडाळे. माळावर तांब्याची चोरी होई, म्हणून देवस्थळे चौघांचेही मॅग्नेटो काढून घरी ठेवत. तारेच्या गुंडाळ्याला दमट हवा बाधते, ते गव्हाच्या पिंपात, गव्हाच्या खाली. चुंबक स्वयंपाकघराबाहेरच्या फळीवर, आणि प्रत्येक चुंबकाच्या दोन्ही टोकांवर आडवी अशी लोखंडाची एकेक पट्टी चिकटवलेली.

“पट्टी कशाला?” मी विचारले होते.

“चुंबकाच्या तोंडाला लोखंड लागतं. मोकळं ठेवलं की त्याची ताकद विरत जाते.” मग वहिनी ऐकताहेत हे पाहून आवाज वाढवून म्हणाले, “पुरुषासारखंच. एकटं ठेवलं की गेलं कामातून.”

“एकटं ठेवून बघूच एकदा,” वहिनी आतून म्हणाल्या. “गहू काढायला गेलं की हाताला तारा लागतात माझ्या.”

खंडेनवमीला ते सगळे मॅग्नेटो खाली काढत. पाटावर पाने, पकडी, कानस, करवत, आणि मधोमध चार चुंबक. कोरड्या फडक्याने स्वतः पुसत, पट्टीला धक्का लावत नसत, वहिनींना हात लावू देत नसत. त्या फक्त हळदकुंकू आणि झेंडूची फुले द्यायच्या. मग आम्ही दोघे माळावर जाऊन एकेका चाकाला हार घालायचो. एक वर्ष माझ्या फोर्डसनचा हार गाईने खाल्ला. देवस्थळे म्हणाले, “बरोबर आहे. तीन चाकांच्या देवाला कोण घाबरतं?”

१ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो. त्या सकाळी शहरात समारंभ होता. आम्ही माळावर होतो. देवस्थळ्यांनी मॅग्नेटो बसवला, पेट्रोलचे थेंब सोडले आणि चक्र ओढले. तिसऱ्या खेपेला टायटनने धूर टाकला, एक ठोका दिला, थांबतो की काय असे वाटेपर्यंत थांबला, आणि दुसरा ठोका दिला. मग तो चालतच राहिला. देवस्थळे त्याला माळाच्या टोकापर्यंत घेऊन गेले आणि परत आणले. पायाचे दगड फोडणारे मजूर टाळ्या वाजवत होते. उतरल्यावर त्यांनी विडी तोंडात धरली, ती मी पेटवून दिली.

“झालं,” ते म्हणाले. “आता हा मेला तरी शून्यावर मरणार नाही.”

ते एकदाच. पुन्हा टायटन चालला नाही.

राजधानी झाली म्हणजे क्वार्टरे आली. माळावर चुन्याच्या रेघा पडल्या. पुढच्या जूनमध्ये नोटीस आली की चारही यंत्रे दसऱ्यानंतर हलवली पाहिजेत, नाहीतर भंगार म्हणून लिलाव. हलवायची कुठे? शेतकी शाळेच्या प्राचार्यांना देवस्थळे चार वेळा भेटले. ते म्हणाले, चालते यंत्र असेल तर शिकवायला घेऊ, आमचा ट्रेलर पाठवू, एक चालला तर बाकीचेही त्याच्याबरोबर शेडमध्ये ठेवू, पण मेलेले लोखंड घेणार नाही. बांधकामावरचे मिश्राजी, सज्जन गृहस्थ, म्हणाले, “मेरे सामने एक चला दीजिए, मैं लिख दूंगा कि चालू हालत में है.” म्हणजे सगळे टायटनवर आले. तो एकदा मिश्राजींसमोर चालला की चौघांना छप्पर.

देवस्थळ्यांनी पावसाळा उतरल्यावर तो चालू करायचे ठरवले. श्रावणात त्यांचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात मी बसलेलो असताना ते फक्त दोन गोष्टी बोलले. वहिनींना वर्ध्याला भावाकडे पोचवा. आणि टायटनचे चक्र ओढताना अंगठा बाहेर ठेवा, नाहीतर उलटा झटका मनगट मोडतो. मॅग्नेटोबद्दल ते काही बोलले नाहीत. त्याबद्दल मला सांगायची गरज नव्हती आणि वहिनींना सांगायचे त्यांच्या कधी मनात आले नसावे.

मिश्राजींनी शनिवार, १२ ऑक्टोबर ही तारीख दिली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मॅग्नेटो आणायला शिवाजी नगरात गेलो. क्वार्टर सोडायचे होते, बांधाबांध अर्धी झाली होती. वहिनींनी एक टोपली पुढे ठेवली. त्यात पिंपातून काढलेली तारेची गुंडाळी आणि चार पुरचुंड्या, देवस्थळ्यांच्या जुन्या धोतराच्या.

“यंदा सण नाही आपल्याला,” त्या म्हणाल्या. “पूजा नाही केली. पण यांची हत्यारं तशीच काळी राहिली तर बरं दिसेल का? म्हणून नुसती साफ केली. फार चिकटलं होतं हो तेल. सोडा घालून उकळलं चांगलं.”

मी पहिली पुरचुंडी सोडली. चुंबक चांदीच्या भांड्यासारखा चकाकत होता. पट्टी नव्हती.

“पट्ट्या?”

“त्या निघतच नव्हत्या मेल्या. बत्त्याने ठोकून काढल्या. त्या डब्यात आहेत वेगळ्या, गंजलेल्या होत्या ना. भाऊजी, किती वर्षांचा मळ होता म्हणून सांगू. ते असते तर त्यांनी मला हात लावू दिला नसता.”

“छान झालेत,” मी म्हणालो.

दुसरे काय म्हणणार होतो? उकळणे, बत्त्याचे घाव, पट्टीशिवाय पडून राहणे. चुंबकाला जे जे मारते ते ते त्या बाईने नवऱ्यावरच्या मायेने एकाच दुपारी केले होते. घरी आल्यावर मी पट्टी चुंबकाला लावून पाहिली. चिकटल्यासारखी झाली आणि चुंबक उचलताच खाली पडली. चौघांचे तेच. माझ्या फोर्डसनचेही.

चुंबकात पुन्हा ताकद भरता येते. रविवारी मी इंदूरला गेलो. मोटारींची वाइंडिंग करणारा कारागीर म्हणाला, करून देईन, दिवाळीनंतर या. मी त्याला सगळे सांगितले, त्याने ऐकूनही घेतले, आणि पुन्हा म्हणाला, दिवाळीनंतर. मिश्राजींकडे मुदत मागितली. त्यांनी वरच्या साहेबांकडे बोट दाखवले. शेवटी बन्नेमियांकडे गेलो. त्याने ट्रकच्या दोन बॅटऱ्या आणल्या, टायटनच्या चुंबकाला जाड तारेचे वेढे दिले आणि तारेची टोके टेकवली. चटचट ठिणग्या उडाल्या.

“जान आई?” मी विचारले.

त्याने पट्टी लावली. या वेळी ती लोंबकळत राहिली, पण बोट लावताच गळून पडली.

“थोड़ी आई है, बाबूजी. मरीज उठके बैठ गया है, चलेगा कि नईं, खुदा जाने.”

शनिवारी सकाळी वहिनी टांग्याने माळावर आल्या. मी नको म्हणालो होतो. त्या लांब, चुन्याच्या रेघेपलीकडे उभ्या राहिल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मिश्राजी वेळेवर आले. बन्नेमियां टाकीसाठी रॉकेलचा डबा आणि सुरुवात करून द्यायला पेट्रोलची बाटली घेऊन आला. मॅग्नेटो मी बसवला, देवस्थळ्यांनी दाखवला होता तसा. अंगठा बाहेर ठेवून चक्र ओढले. काही नाही. पुन्हा ओढले. मग बन्नेमियांने ओढले, मग आम्ही दोघांनी मिळून, मग दोन मजूर मदतीला आले. मिश्राजी खुर्ची मागवून बसले. उन्हे चढली. मजुरांना मुकादमाने हाक मारली, ते गेले, पुन्हा आले.

साधारण अकराच्या सुमाराला टायटनने एक ठोका दिला. धुराचा काळा गोळा नळकांड्यातून वर गेला. चक्र आमच्या हातातून सुटून स्वतःचे स्वतः फिरले. बन्नेमियां ओरडला, “चल, मेरे शेर!” वहिनी रेघ ओलांडून दोन पावले पुढे आल्या. मी दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत राहिलो. गेल्या वर्षीही मध्ये असाच वेळ गेला होता. चक्र हळू झाले, मागेपुढे झुलले आणि थांबले.

त्यानंतर तासभर आम्ही ओढले. ठिणगी आली नाही.

मिश्राजी उठले. “बाबूजी, आवाज तो आई,” ते हळू म्हणाले, “लेकिन मैं ये नहीं लिख सकता कि चली.” त्यांचे बरोबर होते. त्यांच्या जागी मी असतो तरी लिहिले नसते.

बन्नेमियां मॅग्नेटो खोलत पुटपुटला, “चुंबक मर गया, और क्या.” त्याने मुद्दाम काही म्हटले नव्हते. पण वहिनी तोवर जवळ आल्या होत्या आणि आठ वर्षांत त्यांना तेवढे हिंदी येऊ लागले होते.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्या पट्ट्या काढायच्या नव्हत्या का?”

“त्याने काही होत नाही, वहिनी. चाळीस वर्षांचं यंत्र आहे.”

“ते एकदा म्हणाले होते. एकटं ठेवलं की जातं. मला वाटलं, माझी थट्टा करताहेत.”

त्यांनी टायटनच्या चाकाला हात लावला, हाताला लागलेला गंज बघितला, आणि टांग्यात जाऊन बसल्या. मी त्यांना पोचवायला बरोबर बसलो. रस्ताभर त्या एकच वाक्य बोलल्या. “पाटावर चुंबक तसे चकचकीत दिसले असते ना, म्हणून.”

सोमवारी लिलाव झाला. बोली लावणारे तिघे, सगळ्यात मोठी बोली बन्नेमियांची. “दूसरा ले जाता तो भी काटता,” तो मला म्हणाला, “अपन काटेंगे तो कम से कम सलाम करके काटेंगे.” चौथ्या दिवशी माझा फोर्डसन कापला, त्यानंतर टायटन. तो कापायला सर्वांत जास्त दिवस लागले. जिथे तो उभा होता तिथे आता एफ टाईपच्या क्वार्टरांची मागची भिंत आहे.

वहिनींना मी दिवाळीआधी वर्ध्याच्या गाडीत बसवून दिले. लिलावातून सरकारी खर्च वजा जाता त्यांच्या वाट्याचे जे राहिले ते त्यांच्या हातात दिले आणि सही घेतली. गाडी सुटायच्या आधी त्यांनी पिशवीतून टायटनचा चुंबक काढला. तो बन्नेमियांने त्यांना परत आणून दिला होता. त्यांनी पट्टी त्याच्या तोंडाशी धरली आणि हात सोडला. पट्टी मांडीवर पडली. त्यांनी पुन्हा धरली, पुन्हा पडली. शेवटी त्यांनी दोन्ही सुतळीने एकत्र बांधले.

पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन. कोलार रोडच्या बाजूला एका शेतात जुना ट्रॅक्टर पडून आहे असे परवा कोणीतरी सांगितले. मी गेलो नाही. गेलो असतो तर तो पाहून परत येताना कोणाशी बोलायचे, हे मला समजत नाही.

बन्नेमियांने रॉकेलचे पैसे घेतले नाहीत. रॉकेल टाकीतच राहिले होते आणि ट्रॅक्टरबरोबर त्याच्याकडेच परत गेले, असे तो म्हणाला. पेट्रोलच्या बाटलीचा सव्वा रुपया द्यायचा राहिला आहे.